सीटखालची टाकी

डोळे चुरचुरतात. काळातून मागे आल्याची ही शिक्षा असावी असं तुम्हाला वाटतं, पण तसं नाही. हे १९५३ सालच्या ऑगस्टमधलं लॉस एंजेलिस आहे. इथे घरोघरी मागच्या अंगणात एक भट्टी असते आणि लोक तिच्यात रोजचा कचरा जाळतात. वर मोटारींचा धूर. दोन्हीचं मिळून जे धुरकं शहरावर बसतं त्याची इथल्यांना सवय झालीय. तुम्हाला व्हायला वेळ लागेल, आणि तेवढा वेळ तुमच्याकडे नाही. आज सोमवार, २४ तारीख. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत तुम्हाला जॉर्जटाउन गाठायचंय.

आधी खिसे तपासा. फोन नाही, बरं झालं. नोटांवरची सालं पुढची नकोत. डॉलर पावणेपाच रुपयांना पडतो. पेट्रोल गॅलनला तीस सेंटच्या आतबाहेर, म्हणजे आपल्या पैशात साधारण दीड रुपया. पण अमेरिकन गॅलन आपल्याकडच्या विलायती गॅलनपेक्षा लहान, जेमतेम पावणेचार लिटरचा. लांबच्या प्रवासाचा हिशेब चुकतो तो इथेच.

तुम्ही एका स्वयंपाकघरात बसला आहात. टेबलावर नकाशा पसरलाय. समोर बसलेला माणूस पस्तिशीच्या आतला. लढाईत तो आसामात होता, लेडो रोडवर, म्हणून त्याला 'चाय', 'पानी' आणि 'जल्दी' हे तीन शब्द येतात आणि ते तो पुन्हा पुन्हा वापरतो. त्याचं नाव आपण घेऊ नये, तो कुठल्या इतिहासात नाही. त्याच्या दारात १९५० सालची विलीजची सीजे-३ए जीप उभी आहे. आपल्या दृष्टीनं एवढी ओळख पुरे.

नकाशा पेट्रोल पंपावरचा आहे. या काळात तो फुकट मिळतो; काच पुसून देतात, तेल बघून देतात आणि वर नकाशा देतात. शेजारी ऑटोमोबाइल क्लबच्या अरुंद पट्ट्या आहेत, एकेका रस्त्याची एकेक पट्टी. त्यावर आजूबाजूचा मुलूख नाहीच, फक्त तुमचा रस्ता आणि त्यावरची गावं. आणि सगळ्यांत खाली सरकारी भूमापन खात्याचा टाहो भागाचा कागद, तपकिरी उंचीरेषांचा. या रेषा जिथे एकमेकींना चिकटल्यात तिथे यजमानानं पेन्सिलीनं गोल केलाय. ती जागा शनिवार-रविवारची.

शनिवार २९ आणि रविवार ३० ऑगस्टला जॉर्जटाउनहून जीपवाल्यांचा एक जथा सिएरा नेवाडा ओलांडून टाहो सरोवरावर जाणार आहे. नाव 'जीपर्स जांबोरी'. जांबोरी हा शब्द वरळीच्या मैदानामुळे आपल्याला परका नाही. स्काउटांचा मेळावा भरतो तसा हा जिपांचा. पहिलाच आहे. हा मेळावा सत्तर वर्षांनंतरही भरत असेल, आणि २००३ सालच्या मॉडेलपासून जीप कंपनी आपल्या गाडीला याच वाटेचं 'रुबिकन' हे नाव देईल, हे या स्वयंपाकघरात फक्त तुम्हाला माहीत आहे. तोंड बंद ठेवा. यजमानाला सध्या एवढीच चिंता आहे की मागच्या डाव्या स्प्रिंगचा पाटा टिकेल का.

जवळचा रस्ता सरळ आहे. नव्व्याण्णव नंबरचा हायवे धरायचा, मधल्या सपाट खोऱ्यातून बेकर्सफील्ड, फ्रेझ्नो करत सॅक्रामेंटो, तिथून डोंगराकडे वळायचं. फळबागा, कापूस, ट्रकांची रांग. एका लांबलचक दिवसात होतो. यजमान त्या रस्त्यावर बोटही ठेवत नाही. त्याचं बोट डोंगराच्या पलीकडच्या, पूर्वेच्या बाजूनं वर सरकतं: मोहावे, लोन पाइन, बिशप, ली व्हायनिंग. तिथून डावीकडे टायोगा खिंड चढून योसेमिटी, आणि मग पश्चिम उतारावरचा एकोणपन्नास नंबरचा रस्ता धरून उत्तरेला. साडेपाचशे मैलांच्या आसपास. आणि हे सगळं ताशी चाळीस मैलांच्या गाडीतून, जिला दारं नाहीत.

या निवडीला शहाणपण म्हणत नाहीत. पण मेळाव्याला जाण्यात मेळाव्याइतकाच रस्ता महत्त्वाचा असतो, हे वारीला गेलेल्या माणसाला कोण सांगणार?

यजमान ग्लासात नळाचं पाणी ओतून तुमच्याकडे सरकवतो. प्या. उद्यापासून तुम्ही या पाण्याच्या उगमाकडेच निघालात. ओवेन्स नदीचं पाणी २३३ मैलांच्या कालव्यानं १९१३ साली या शहरात आलं आणि शहर वाढत गेलं. खोऱ्यातले शेतकरी मात्र कोरडे पडले. १९२४ पासून पुढली तीन-चार वर्षं त्यांनी हा कालवा सुरुंग लावून पुन्हा पुन्हा उडवला. शहरानं तो पुन्हा पुन्हा बांधला. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या शहापूर तालुक्यातल्या माणसानं हे ऐकलं तर तो नुसता मान हलवेल.

आता मुक्काम. इथे यजमानाचा आवाज जरा खाली येतो. रस्त्याच्या कडेला मोटेल भरपूर आहेत, पण तुमच्या रंगाच्या माणसाला कुठलं मोटेल खोली देईल हे पाटी वाचून कळत नाही. काळ्या अमेरिकनांसाठी 'ग्रीन बुक' नावाचं एक पुस्तक १९३६ पासून निघतंय, कुठे निजायला मिळेल आणि कुठे जेवायला, याची यादी. हिंदी माणसासाठी तसलंही काही नाही. हिंदी माणसाला इथलं नागरिकत्व मिळण्याचा कायदा होऊन सात वर्षं झालीत, आणि त्यात वर्षाला शंभर जणांना देशात यायची मुभा आहे. म्हणजे रस्त्यावरच्या बहुतेकांनी तुमच्यासारखा माणूस पाहिलेलाच नसणार. कोणी मेक्सिकन समजेल, कोणी आणखी काही.

'आपण बाहेरच झोपू,' यजमान नकाशाकडे बघत म्हणतो. 'जीपमध्ये दोन कांबळी टाकतो.'

तुम्ही बरं म्हणता. यादीत कांबळी दोन, असं लिहिलं जातं.

मग गॅरेज.

ही जीप आकारानं तुमच्या कल्पनेपेक्षा लहान आहे. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर ऐंशी इंच, जेमतेम दोन मीटर. चार सिलिंडरचं इंजिन, साठ घोड्यांचं. आणि एक गोष्ट हात लावून बघा: ड्रायव्हरची सीट उचला. खाली पेट्रोलची टाकी. साडेदहा गॅलनची टाकी थेट चालवणाऱ्याच्या बुडाखाली. लढाईतल्या जिपेत टाकीचं तोंडही सीटखालीच असायचं: पंपावर गेलं की ड्रायव्हरनं आधी उतरायचं, सीट वर करायची, मग नळी आत. तुमच्या मनात काहीतरी हललं ना? तालुक्याच्या पंपावर सरकारी जीप आली की ड्रायव्हर असाच खाली उतरून उभा राहायचा. आठवण बरोबर आहे. माझगावला महिंद्रांनी विलीजच्या जिपा जोडायला सुरुवात केली ती १९४९ साली, म्हणजे आजपासून चार वर्षांपूर्वी. तुम्ही आता ज्या यंत्राला हात लावताय त्याचं भावंड या क्षणी मुंबईत उतरतंय.

काय काय घ्यायचं? यजमान बोलत जातो तसं तुम्ही लिहीत जा. फॅनबेल्ट दोन. पॉइंट, कॉइल, एक पाण्याचा पंप. मागच्या ऍक्सलचे जादा दांडे, कारण खडकावर गरागरा फिरणाऱ्या चाकाला एकदम पकड मिळाली की दांडा तुटतो. स्प्रिंगचा मुख्य पाटा. साखळी, दोर, फावडं. उंच जॅक, शेतावर कुंपणाचे खांब उपटायला वापरतात तो. सुरू करायचं हँडल तर आहेच. सहा व्होल्टच्या बॅटरीवर विश्वास ठेवणारा माणूस हँडल मारायला लवकर शिकतो.

पुढे एक अजब वस्तू. पितळी तोंडाची रबरी नळी. खडकावर चढताना टायरमधली हवा निम्म्यावर आणायची असते, म्हणजे रबर दगडाला चिकटतं. पण नंतर हवा भरायची कशी? एक स्पार्क प्लग काढायचा, त्याच्या भोकात हे पितळी तोंड पिळून बसवायचं आणि इंजिन तीन सिलिंडरवर चालू ठेवायचं. चौथं सिलिंडर पंपाचं काम करतं. इंजिन धाडधाड करतं, चारही चाकांना मिळून बराच वेळ जातो, पण होतं.

आणि कपड्यांचे चिमटे. लाकडी, एक डझन. तुम्हाला वाटतं धुणं वाळत घालायला. नाही. उन्हात आणि उंचीवर पेट्रोल नळीतच उकळतं, नळीत वाफ धरते आणि गाडी मरते. तेव्हा नळीला ओळीनं लाकडी चिमटे लावतात. उष्णता लाकूड खातं म्हणे. खातं की नाही याबद्दल वाद आहे, पण या देशातला प्रत्येक मोटारवाला लावतो. ओलं फडकं गुंडाळलेलं जास्त गुणकारी, असं यजमानाचं मत, आणि ते मला पटतं.

शेवटी तो पुढच्या बंपरला एक जाड कापडाची पिशवी टांगतो आणि नळीनं भरतो. पिशवी पाझरू लागते. तो तुम्हाला समजावू पाहतो की पाणी झिरपून वाऱ्यानं थंड होतं. त्याला बोलू द्या. बैलगाडीच्या साटीखाली छागळ लोंबताना तुम्ही पाहिलेली आहे.

मंगळवारी पहाटे चारला निघता. कारण एकच, मोहावे. वाळवंट उन्हं चढायच्या आत ओलांडायचं. गाडीच्या दिव्यांचा उजेड पिवळा आणि तुटपुंजा. सहा नंबरचा हायवे हा. याच नंबराच्या पाट्या धरून थेट पूर्व किनाऱ्यावरच्या प्रॉव्हिन्सटाउनपर्यंत जाता येतं. मोठे राष्ट्रीय महामार्ग बांधायचा कायदा व्हायला अजून तीन वर्षं आहेत, म्हणून रस्ता प्रत्येक गावाच्या पोटातून जातो. कान वाऱ्यानं बधिर होतात. बोलणं अशक्य. दिवस उजाडताना जोशुआची झाडं दिसतात, निवडुंगानं झाड व्हायचा प्रयत्न केल्यासारखी.

दहाच्या सुमाराला डावीकडे भिंत उभी राहते. सिएरा नेवाडा पश्चिमेकडून हळूहळू चढत येते आणि पूर्वेला एकदम तुटते, आपल्या सह्याद्रीच्या नेमकी उलट. आपला कडा कोकणाकडे, म्हणजे पश्चिमेला. इथे तुम्ही कड्याच्या तळाशी आहात आणि वर साडेचौदा हजार फुटांचं माउंट व्हिटनी. पावसाचं गणित मात्र दोन्हीकडे सारखंच: ढग पश्चिमेनं येतात, डोंगरावर रिते होतात, पूर्वेला कोरडं. ओवेन्स खोरं म्हणजे या डोंगराचा दुष्काळी तालुका. उजवीकडचं पांढरं मैदान हे एकेकाळी तळं होतं, त्यावर आगबोट चालायची. पाणी शहराला गेलं, आता वारा सुटला की क्षाराची धूळ उडते.

लोन पाइनला जेवण. समोरच्या गोल गोल तांबूस खडकांच्या टेकड्यांना अलाबामा हिल्स म्हणतात. त्या पाहिल्यासारख्या वाटतील, कारण हॉलिवूडचे घोडेस्वार इथेच धावतात. १९३९ सालच्या 'गंगा दीन' सिनेमात याच टेकड्या वायव्य सरहद्द म्हणून खपवल्या होत्या. हिंदुस्थानात त्या सिनेमावर पुष्कळ ओरड झाली. त्यातल्या हिंदी माणसांच्या चेहऱ्यांना बराचसा रंग फासलेला होता. दुकानातली बाई तुमच्याकडे जरा जास्त वेळ बघते, मग पाय आणून ठेवते. चेरीचा.

गावाच्या उत्तरेला काही मैलांवर गाडी हळू करायला सांगा. रस्त्याच्या डाव्या हाताला दगडी बांधणीच्या दोन छोट्या चौक्या, जपानी धर्तीच्या छपरांच्या. मागे मोकळं रान, काही फळझाडं, एक मोठं सभागृह. मॅन्झानार. लढाईच्या काळात अमेरिकेनं आपल्याच जपानी वंशाच्या नागरिकांना घराबाहेर काढून छावण्यांत कोंडलं, त्यातली ही एक. एका वेळी दहा हजारांवर माणसं इथे तारेच्या आत होती. १९४५च्या नोव्हेंबरात बंद झाली. आठच वर्षं झालीत, पण इथे काय होतं हे सांगणारी पाटी नाही. ती लागेल १९७३ साली. यजमान आसामात जपान्यांविरुद्ध होता. तो चौक्यांकडे बघतो, काही बोलत नाही, गिअर टाकतो.

दुसऱ्या दिवसाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. चढ, ऊन, एकदा वाफ धरली, फडकं ओलं केलं, वीस मिनिटं थांबावं लागलं. चिमट्यांनी काही केलं असेल तर ते त्यांनाच ठाऊक. संध्याकाळी मात्र मोनो लेक.

वरच्या वळणावरून एकदम दिसतं: निळं, निपचित, काठाशी पांढरी रेघ. तुम्ही फोटोत पाहिलेले ते चुनखडीचे पांढरे मनोरे शोधाल. पुष्कळसे दिसणार नाहीत, ते अजून पाण्याखाली आहेत. या तळ्याला मिळणारे ओढे लॉस एंजेलिसनं १९४१ पासून वळवायला सुरुवात केलीय आणि पाणी वर्षागणिक उतरतंय. ज्या मनोऱ्यांसाठी पुढे लोक कॅमेरे घेऊन येतील ते म्हणजे तळ्याच्या उघड्या पडलेल्या फासळ्या. सोमवारी प्यायलेल्या ग्लासात याही तळ्याचं पाणी होतं. रात्री काठावर कांबळी टाकता. धुरकं नाही, डोळे चुरचुरत नाहीत. आकाशगंगा इतकी दाट की यजमान सिगारेट विझवतो.

गुरुवारी टायोगा. ली व्हायनिंगहून बारा मैलांत तीन हजार फूट चढायचं. रस्ता एका गाडीपुरता, डोंगराच्या अंगावर ओरखडा काढावा तसा. समोरून गाडी आली तर कोणी मागे जायचं? रिवाज असा की उतरणाऱ्यानं मागे सरून वाट द्यायची, कारण चढणाऱ्याची गती तुटली की ती पुन्हा धरणं कठीण. रिवाज सगळ्यांना माहीत असतोच असं नाही. समोरून एक लांबलचक ब्यूक येते, आतल्या गृहस्थाचे हात स्टिअरिंगवर गोठलेले. यजमान मुकाट्यानं दीडशे फूट रिव्हर्स घेतो. तुम्ही बाहेरच्या बाजूला बसला आहात, आणि जीपला दार नाही, हे तुम्हाला आधी सांगितलंय.

दर हजार फुटांना इंजिनाची ताकद साधारण तीन टक्क्यांनी घटते. खिंड ९,९४३ फुटांवर. म्हणजे साठ घोड्यांपैकी जागे उरले बेचाळीस. आवाज घोगरा होतो, ऍक्सिलरेटर तळाला टेकतो आणि गाडी तरीही बैलगाडीच्या चालीनं चालते. पण चालते.

पलीकडे मऊ हिरवी कुरणं आणि घासून गुळगुळीत केलेला ग्रॅनाइट, मैलच्या मैल. टेनाया तळ्याच्या पुढचा एकवीस मैलांचा तुकडा म्हणजे १८८३ सालची खाणवाट. चांदी सापडेल म्हणून कंपनीनं बांधली, चांदी निघाली नाही, खाण बुडाली, वाट उरली. पुढे स्टीफन मेथर नावाच्या धनिकानं १९१५ मध्ये ती विकत घेऊन सरकारला देऊन टाकली, तेव्हा मोटारी येऊ लागल्या. तुम्ही ज्या तुकड्यावर झाडांना वळसे घालत चालला आहात तो १९६१ साली सरळ, रुंद, डांबरी होईल. लोक तासाभरात पार करतील आणि गाडीतच फोटो काढतील. यजमानाला हे सांगू नका. त्याला वाईट वाटेल, कदाचित.

शुक्रवारचा एकोणपन्नास नंबरचा रस्ता सोन्याच्या गावांचा. नंबर मुद्दाम दिलाय, १८४९ साली धावत आलेल्यांची आठवण म्हणून. सोनोरा; एंजल्स कॅम्प, जिथली उडी मारणारी बेडकी मार्क ट्वेननं जगाला दाखवली; प्लॅसरव्हिल, ज्याचं जुनं नाव फाशीचं गाव. प्रत्येक गावाला एकच रस्ता, लाकडी सज्जे, लोखंडी झडपांची दुकानं. कोलोमाला नदीकाठी थांबा. २४ जानेवारी १८४८ रोजी जेम्स मार्शलला इथे, लाकूड कापायच्या गिरणीच्या पाटात, पिवळे कण दिसले. गिरणीचा मालक सटर त्या सोन्यापायी धुळीला मिळाला. मार्शलही कफल्लक मेला. त्याचा पुतळा टेकडीवर उभा आहे, बोट दाखवत.

नदी ओलांडून चढण लागते, पाइनची झाडं दाट होत जातात आणि उन्हं कलताना तुम्ही जॉर्जटाउनात शिरता.

मुख्य रस्ता बघून हसू येतं. एवढंसं गाव आणि रस्ता शंभर फुटी. १८५२ साली आगीत गाव जळालं, तेव्हा पुन्हा बांधताना एका बाजूची आग दुसऱ्या बाजूला पोचू नये म्हणून एवढा रुंद ठेवला. शंभर वर्षं तो रिकामाच होता. आज भरलाय. दोन्ही कडांना जिपा. लढाईतून मोडीत काढलेल्या हिरव्या, शेतावरच्या चिखलाळ, एखादी नवीकोरी. माणसं बोनेट उघडून एकमेकांच्या इंजिनात डोकावताहेत. ज्यांच्या पुढच्या चाकांना कुलपाचे नवे हब बसवलेत ती माणसं ते पुन्हा पुन्हा फिरवून दाखवताहेत. त्या गर्दीत एका गाडीपाशी तुमचे पाय थांबतात. नाक उंच. बोनेट काचेला जाऊन भिडल्यासारखं. याच वर्षी आलेली सीजे-३बी. इंजिन उंच झालं म्हणून बोनेट उचलावं लागलं, त्यामुळे इथले शौकीन तिला कुरूप म्हणताहेत. तुमच्या लेखी मात्र जीप म्हणजे हीच. महिंद्रांनी पुढे वर्षानुवर्षं काढली ती ही. तहसीलदाराची, साखर कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्याची, निवडणुकीत भोंगा बांधलेली, मागे चौदा माणसं कोंबलेली. जिनं आपल्याकडे उभा जन्म मुरमाच्या रस्त्यावर काढला, तिला घेऊन ही माणसं हौसेनं दगडांत निघालीत.

हौसेनं, पण निव्वळ हौसेनं नाही. गेल्या वर्षी या गावकऱ्यांनी एकत्र बसून विचार केला की सोनं संपलं, आता आपल्या गावात कोणी यावं कशासाठी? त्यांत मार्क स्मिथ नावाचा एक तरुण होता. हा पुढे १९७८-७९ साली दक्षिण अमेरिकेच्या टोकापासून अलास्कापर्यंत जिपा नेईल, मधल्या डेरिएनच्या जंगलातून, जिथे रस्ताच नाही. गावाकडे दाखवण्यासारखं काय होतं? डोंगरापलीकडे जाणारा एक मोडलेला रस्ता. त्यांनी तोच दाखवायचं ठरवलं. आपल्याकडे असे रस्ते तालुक्यागणिक आहेत. त्यावर मोर्चे निघतात; मेळावा भरवावा हे कोणाला सुचलं नाही.

कारण हा रस्ता खरोखर रस्ताच होता. रुबिकन नदीकाठी क्षाराच्या पाण्याचे झरे आहेत, बुडबुडे येणारे. ते पाणी औषधी म्हणून बाटल्यांतून विकलं जायचं, झऱ्यांपाशी हॉटेल होतं, तिथे घोडागाडीनं पाहुणे यायचे. १८८७ साली एल डोराडो काउंटीनं ही वाट सार्वजनिक रस्ता म्हणून जाहीर केली. मग हॉटेलाचे दिवस सरले, डागडुजी थांबली, बर्फानं आणि पाण्यानं माती नेली, दगड उरले. कागदावरचा दर्जा मात्र कोणी काढून घेतला नाही. जगभरचे लोक जिला पुढे आडवाटांची राणी म्हणतील ती कायद्यानं आडवाट नाहीच. तो काउंटीचा रस्ता आहे, फक्त त्याची दुरुस्ती राहून गेलीय.

रात्री टायरांची हवा, साखळ्या, दोर पुन्हा तपासून होतं. एक जण वाट समजावतो: वेंटवर्थ स्प्रिंग्जपर्यंत बरं आहे, तिथून पुढे घाई करायची नाही. पहिला गिअर, खालची रेंज. इंजिनाच्या ३७ फेऱ्यांना चाकाची एक. क्लच सोडून द्यायचा आणि गाडीला चालू द्यायचं, माणूस चालतो त्याहून हळू. अंगठे स्टिअरिंगच्या आत घालायचे नाहीत. चाक दगडावर आपटलं की स्टिअरिंग गर्रकन फिरतं आणि अंगठा मोडतो. कोणी अडकला तर पुढच्यानं टोचन लावायचं, मागच्यानं थांबायचं, कोणी कोणाला मागे टाकून जायचं नाही. झऱ्यांच्या पुढे एक चढ आहे, कॅडिलॅक हिल. पूर्वी कधी तरी एक कॅडिलॅक तिथून खाली गेली आणि तिथेच राहिली, असं सांगतात. सगळे हसतात, जरा जास्तच मोठ्यानं.

शनिवारी सकाळी धूर आणि कॉफीचा वास. जिपांची रांग सुटायला लागते. नोंदीत ५५ जिपा आणि १५५ माणसं आहेत. त्यात तुम्ही नाही, तेव्हा मोजणाऱ्याच्या नजरेला पडू नका. छागळ भरलीय का बघा. टायरची हवा आताच सोडू नका, ती वेंटवर्थ स्प्रिंग्जला. आणि यजमान पंपावर उतरेल तेव्हा तुम्हीही उतरा आणि टाकी गळ्याशी भरून घ्या. पुढचा पंप टाहोला आहे असं समजूनच निघा.